सामाईक सातबाऱ्यावरच्या सगळ्यांना

मंडळी, आपल्या कोकणात एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस, तीस-तीस नावे असतात. त्यांतली काही माणसे केव्हाच वारली, काही डोंबिवली-नालासोपाऱ्याकडे स्थायिक झाली, आणि काहींच्या मुलांना गावाचे नाव फक्त लग्नपत्रिकेत छापण्यापुरते लागते. नावापुढे हिस्सा लिहिलेला असेल तर तो आणे-पैत. जमिनीवर मात्र त्या हिश्श्याची रेघ कुठेच नाही. खालचा मळा याने करायचा, वरचा माळ त्याने, विहीर सगळ्यांची, असे पणजोबांनी कधीतरी ओटीवर बसून ठरवले आणि तीन-चार पिढ्या ते निभावले. भांडावे इतकी किंमत त्या जमिनीला नव्हती, म्हणून निभावले. आता किंमत आली आहे. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे: तोंडी वाटणी कागदावर आणा, सातबाऱ्यावरच्या सगळ्यांना बसवून आणा, आणि बांध कुठला हे बोट दाखवून सांगणारी माणसे हयात आहेत तोवर आणा.

भांडण येते कुठून

मुंबईची मनीऑर्डर हीच गावच्या घराची मुख्य मिळकत होती, तेव्हा वरकस जमिनीत नाचणी-वरी व्हायची. चार मण धान्यासाठी कोणी वकील करत नव्हते. 1990 नंतर रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि त्याच माळांवर आंब्या-काजूची कलमे उभी राहिली. ती लावली गावात राहिलेल्या भावाने. खड्डे त्याने काढले, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी त्याने नेले, वणव्यापासून राखण त्याने केली. वीस वर्षांनी मुंबईचा चुलतभाऊ निवृत्त होऊन आला आणि म्हणाला, जमीन सामाईक आहे, माझा वाटा दे.

दोघेही खोटे बोलत नाहीत, आणि म्हणूनच हे भांडण मिटवायला कठीण जाते. गाववाल्याला वाटते, बारा वर्षे कसली की जमीन आपली झाली. सहहिस्सेदारांत तसे होत नाही. सामाईक जमिनीत एकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने धरलेला ताबा समजतात. इतरांचा हक्क उघडपणे नाकारून त्यांना बाहेर ठेवले, हे सिद्ध केल्याशिवाय नुसत्या वर्षांच्या मोजणीने मालकी येत नाही. दुसरीकडे मुंबईवाल्याला वाटते, सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे उभ्या बागेचाही तेवढाच वाटा आयता हातात पडेल. दुसऱ्याचे वीस वर्षांचे राबणे असे सहज पुसता येत नाही, आणि ते पुसणारी वाटणी गावात टिकतही नाही.

त्यात मुंबई-गोवा महामार्ग आला. ज्यांची जमीन रुंदीकरणात गेली, त्यांतल्या अनेकांना तेव्हा कळले की सातबाऱ्यावर आपल्या बरोबरीने आणखी कोण कोण आहे. मोबदल्याच्या वाट्यावरून वाद निघाला की राष्ट्रीय महामार्ग कायद्याप्रमाणे तो प्रश्न दिवाणी न्यायालयाकडे जातो. म्हणजे रस्ता होऊन गाड्या धावू लागल्या तरी भावकीचे पैसे अडकून राहू शकतात. आणि समुद्र दिसणारा माळ शोधत फिरणारे दलाल आता दारात उभेच आहेत.

सातबाऱ्याला किती मानायचे

सातबाऱ्यावरची नोंद खोटी ठरत नाही तोवर खरी मानायची, असे जमीन महसूल अधिनियम, 1966 चे कलम 157 सांगते. पण सातबारा हा मालकीचा दाखला नाही. सरकारने सारा कोणाकडून घ्यायचा, यासाठी ठेवलेली ती नोंद आहे. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. मालकी ठरवण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाचा.

हे न कळल्यामुळे कितीतरी घराण्यांचे आयुष्य खर्ची पडले. फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील, तिथून अपर जिल्हाधिकारी, मग आयुक्त, मग मंत्रालय. दहा-पंधरा वर्षांनी निकाल काय, तर मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात न्यावा. भांडायचेच असेल तर निदान योग्य दारात भांडा.

जुन्या उताऱ्यांत तीन ठिकाणे नीट पाहा. पहिले, नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे आहेत का. तो माणूस एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून लागला होता, एकटा मालक म्हणून नव्हे. पुढे हाताने उतारे लिहिताना किंवा संगणकीकरणात ती अक्षरे गळाली, आणि एका काकाची मुले आता सांगतात की जमीन आमच्या एकट्याच्या बापाची. दुसरे, ‘इतर हक्क’ हा रकाना. बहिणींची नावे पुष्कळदा तिथे ढकललेली असतात. नाव त्या रकान्यात आहे म्हणून त्यांचा हक्क कमी होत नाही. तिसरे, कूळ कायद्याने आलेली जमीन. सगळे घर कसत होते, पण कूळ म्हणून नाव थोरल्याचे लागले आणि 32ग ची किंमत भरून 32म चा दाखलाही त्याच्याच नावे निघाला. किंमत कोणत्या पैशांतून भरली, तेव्हा घर एकत्र होते का, हे त्या वेळच्या रेशनकार्डावरून, पावत्यांवरून आणि फेरफारावरून दाखवता येते. असे कागद फेकू नका.

आधी माणसे मोजा

बैठक भरण्यापूर्वी वंशावळ तयार करा. ज्याचे नाव जुन्यात जुन्या फेरफाराला आहे, त्या पुरुषापासून सुरुवात करा आणि खाली या. त्यात निपुत्रिक वारलेले, दत्तक गेलेले, परागंदा झालेले, दुसऱ्या लग्नाची मुले आणि विधवा सुना ही सगळी माणसे लिहा. कोणाला लिहायचे याचा निवाडा आधी करू नका. आधी सगळे लिहा, हक्क कोणाचा ते मागाहून बघू.

आणि लेकी लिहा. याबाबत गावागावांत अजून वाद घातला जातो, पण कायद्यात तो मिटला आहे. महाराष्ट्राने 1994 साली तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून वाटा दिला. 2005 साली हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या दुरुस्तीने तो सगळ्या मुलींना मिळाला. 2005 साली वडील हयात होते की नव्हते यावर हा हक्क अवलंबून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. त्याच निकालात आपल्या कामाची आणखी एक गोष्ट आहे. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी कायम राहते. तोंडी वाटणी झाली होती, एवढे म्हणणे मात्र न्यायालय सहसा मानत नाही. त्याला सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो. म्हणजे बहिणींना वगळून ‘आमची वाटणी कधीच झाली’ असे म्हणणाऱ्याची बाजू लंगडी आहे. पूर्वज 1956 पूर्वी वारलेले असतील तर हिशोब निराळा पडू शकतो, आणि कोकणातल्या मुसलमान व ख्रिस्ती घरांना वारसाचे वेगळे नियम लागतात. अशा ठिकाणी वकिलाला विचारूनच पुढे जा.

भाऊ म्हणतात, आमच्या बहिणी मागतच नाहीत. मागत नसतील तर त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. त्यांना तो अधिकार आहे. पण काय सोडतो आहोत, त्याची किंमत किती, हे त्यांना उतारा वाचून आणि जागा दाखवून सांगा. साडीचोळी करून, गाडीत बसवून, ‘ताई, इथे सही कर’ म्हणून घेतलेला दस्त उद्या भाचे न्यायालयात नेतात. बहिणीला चार गुंठे दिल्याने भाऊ भिकेला लागल्याचे उदाहरण मला तरी माहीत नाही.

माणूस वारल्यावर तीन महिन्यांत वारसाची खबर तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला द्यायची असते. तुमच्या घरात दोन-दोन पिढ्यांची वारसनोंद राहिली असेल तर वाटणीच्या आधी ती उरका. मेलेल्या माणसाच्या नावावर वाटणी होत नाही.

मग जागेवर जा

कागदावर सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असतो, आणि गावात नावे असतात: देवाचा मळा, वडाखालचा कुणगा, वरचे आगर. या दोन्हींचा मेळ घालणारी माणसे आता सत्तरीपलीकडची आहेत. त्यांना घेऊन एकदा सगळी जमीन फिरा. दोन्ही बाजूंचे लोक एकाच वेळी बरोबर असू द्या. एकट्याने म्हाताऱ्याला नेऊन व्हिडिओ काढला तर दुसरी बाजू त्याला पढवलेला साक्षीदार म्हणेल. प्रत्येक तुकड्याचे गावातले नाव, त्याचा सर्व्हे नंबर, आज कोण कसते, झाडे कोणी लावली, पाणी कुठून येते, वाट कुठून जाते, एवढे एका वहीत लिहा आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. या वहीला कायद्याने फार वजन नसेल, पण पुढच्या बैठकीत निम्मा आरडाओरडा तिच्यामुळे वाचतो.

त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयात सरकारी मोजणीचा अर्ज करा. पावसात गवत छातीएवढे वाढते, म्हणून मोजणी दिवाळीनंतरची बरी. लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते, त्यांना हजर राहू द्या. मोजणी पटली नाही तर दगड उपटू नका. निमताना मोजणी मागता येते, आणि तीही पटली नाही तर सुपर निमताना. खासगी सर्व्हेअर आणून गावाला जीपीएसचे आकडे दाखवण्याने काही मिटत नाही.

वाटा किती, हे आधी अंकांत ठरवा

आपले जुने आणे-पैचे गणित यासाठी उत्तम आहे. पूर्ण जमीन म्हणजे रुपया, म्हणजे 16 आणे. आण्याच्या 12 पै, म्हणून रुपयाच्या 192 पै. मूळ पुरुषाच्या तीन शाखा असतील तर प्रत्येकीला 5 आणे 4 पै, म्हणजे 64 पै. एका शाखेत आज दोन भाऊ आणि दोन बहिणी हक्कदार असतील तर प्रत्येकाला 16 पै, म्हणजे 1 आणा 4 पै. दुसऱ्या शाखेत दोघेच असतील तर प्रत्येकी 2 आणे 8 पै. जमीन 48 गुंठे असेल तर पहिल्या शाखेतल्या बहिणीचे 4 गुंठे होतात आणि दुसऱ्या शाखेतल्या भावाचे 8. विधवा आई हयात असेल तर तिचाही वाटा धरावा लागेल आणि आकडे बदलतील. हा तक्ता सगळ्यांसमोर भिंतीवर लावा. ‘आम्ही चौघे, ते दोघेच, मग त्यांना जास्त का?’ हा प्रश्न हमखास निघतो. वाटणी आधी शाखांची आणि मग माणसांची होते, हे एकदा अंकांत दिसले की तो प्रश्न संपतो.

गुंठे सारखे असले तरी मोल सारखे नसते. भाताचा मळा, कातळ, रस्त्याकडेचा माळ आणि वहाळाकाठची माडाची बाग एका मापाने मोजू नका. जमिनीच्या दोन-तीन प्रती ठरवा आणि चांगल्या प्रतीतला थोडा भाग सगळ्यांना मिळेल असे वाटे पाडा. आपल्याकडे वाटे थोरल्याने पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे अशी रीत होती. ती फार हुशार रीत आहे. जो वाटे पाडतो तो शेवटी उचलणार असेल तर वाटे आपोआप सारखे पडतात. त्यावरही एकमत होत नसेल तर चिठ्ठ्या टाका.

ज्याने कलमे लावली त्याची बाग शक्यतो त्याच्याच वाट्यात घाला आणि इतरांना दुसरीकडे जास्त जमीन द्या. तेवढी जमीन नसेल तर झाडे मोजा, वय लिहा, आणि काही हंगाम उत्पन्न त्याला घेऊ द्या किंवा एकरकमी भरपाई ठरवा. मूळ घर, देवघर, खळे, विहीर, पायवाट आणि पाण्याचा पाट यांची वाटणी करू नका. ती सामाईक ठेवा आणि कोणी कधी कशी वापरायची हे लिहून काढा. बहुतेक नव्या वाटण्या पुढे वाट आणि पाणी या दोनच गोष्टींवर फाटतात. जुनी वाट किंवा पाणी कोणी अडवलेच तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. ‘गणपतीला बघू’ म्हणून पुढचा गणपती येऊ देऊ नका.

बैठकीची रीत

बैठक दुपारी भरवा. शिमग्याच्या रात्री, पालखी नाचवून झाल्यावर, घेतलेल्या अंगाने जमिनीची गोष्ट काढू नका. अध्यक्ष म्हणून भावकीबाहेरचा, ज्याचा या जमिनीत गुंठाभरही रस नाही असा माणूस बसवा. निवृत्त शिक्षक चालेल, तुमच्या गावची तंटामुक्त समिती जिवंत असेल तर तिचा अध्यक्ष चालेल. 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा अनेक गावांत असे लोक तयार झाले होते. प्रत्येक शाखेतून दोन माणसे बोलतील असे ठरवा आणि त्यांतली एक बाई असू द्या. जुन्या बोलण्यांत कोणत्या काकूने कोणते ताट मागे सारले हे निघणारच. ते निघू द्या, ऐकून घ्या, पण इतिवृत्तात फक्त जमिनीचे लिहा.

मानपान आणि जमीन एकत्र करू नका. पालखीला खांदा आधी कोणाचा, देवळात गाऱ्हाणे कोणी घालायचे, होळीचा मान कोणत्या घराचा, हे वाद जमिनीच्या वाटणीत ओढले की दोन्ही बिघडतात. ‘आमचा मान मान्य करा, मग सही देतो’ म्हणणाऱ्याला स्पष्ट सांगा की तो विषय वेगळ्या दिवशी.

आणि एक ताकीद. गावकी किंवा भावकीची बैठक समजूत घालू शकते, निवाडा लादू शकत नाही. ऐकले नाही म्हणून एखाद्या घराला वाळीत टाकणे, त्यांच्या कार्याला न जाण्याचा ठराव करणे, देवळात त्यांना अडवणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. बहिष्काराने मिळवलेली सही वाटणीला बळ देत नाही. ती फौजदारी खटला घेऊन येते.

दोन भावक्यांमध्ये वाद असेल तर

एकाच रक्तातली वाटणी एक, आणि दोन घराण्यांमधला शिवेचा वाद दुसरा. दुसऱ्यात वंशावळीचा उपयोग कमी आणि नकाशाचा जास्त. इथे पन्नास माणसे समोरासमोर उभी करू नका. दोन्हीकडून तीन-तीन माणसे निवडा आणि त्यांना भावकीने लेखी अधिकार द्या, नाहीतर ठरलेले घरी गेल्यावर मोडते. निकाल लागेपर्यंत गडगा हलवायचा नाही, झाड तोडायचे नाही, नवे कलम लावायचे नाही, एवढा करार पहिल्याच दिवशी करा.

पुष्कळदा असे दिसते की कागद एकाच्या नावे आणि ताबा दुसऱ्याचा, आणि दुसरीकडे नेमके उलट. आजोबांनी सोयीसाठी शेतांची अदलाबदल केली आणि नोंद करायची राहून गेली. अशांसाठी शासनाने जानेवारी 2023 मध्ये सलोखा योजना आणली. परस्परांच्या जमिनीवर किमान बारा वर्षे ताबा असलेल्या शेतकऱ्यांना अदलाबदलीचा दस्त 1,000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1,000 रुपये नोंदणी फी भरून करता येतो. योजना मुदतीची आहे, म्हणून आज ती चालू आहे का हे दुय्यम निबंधकाकडे विचारून मगच बेत करा.

देवराईवरून वाद असेल तर सामंजस्याचा मार्ग आणखी सोपा आहे: ती कोणीच घेऊ नये. दोन्ही घराण्यांनी मिळून राखावी. तिच्यातून येणारा झरा दोघांच्याही शेतात जातो.

सगळ्या गावाची एकत्र जमीन असली तर गुंता केवढा होतो, हे सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोली, गेळे आणि चौकुळ या गावांना विचारा. तिथल्या कबुलायतदार गावकर पद्धतीच्या जमिनींवर सरकारचे नाव लागले, आणि कोणत्या घराला किती हा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळला. हिस्सा ज्या पिढीने लिहून ठेवला नाही तिला त्रास झाला नाही. त्रास नातवांना झाला.

कागद करताना

सगळे राजी असतील तर दोन सरळ रस्ते आहेत. एक, महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज. दुसरा, नोंदणीकृत वाटणीपत्र. कोणता तुम्हाला बरा पडेल हे जमिनीच्या प्रकारावर आणि तुकडेबंदीच्या नियमांवर ठरते, म्हणून तहसील कार्यालयात आधी विचारा. शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर लिहून नोटरी केली आणि कपाटात ठेवली, एवढ्याला वाटणी समजू नका. काम तिथून पुढे आहे: फेरफार मंजूर करून घ्या, पोटहिस्स्याची मोजणी करा, हद्दीचे दगड लावा आणि प्रत्येकाचा सातबारा वेगळा निघेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीला पंधरा दिवस असतात. मुंबईकरांनी त्या नोटिशीवर लक्ष ठेवायला गावात एक माणूस नेमावा.

कोरे कुलमुखत्यारपत्र कोणालाही देऊ नका, सख्ख्या भावालाही नको. आणि एखाद्याला आपला हिस्सा विकायचाच असेल तर त्याने आधी भावकीला विचारावे. वारसाने मिळालेली मिळकत विकताना बरोबरीच्या वर्ग एकच्या वारसांना ती आधी घेण्याचा हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 22 ने दिला आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागतो असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले. बाहेरच्याने अविभक्त हिस्सा घेतला तर तो तुमच्या ओटीवर राहायला येऊ शकत नाही, पण वाटणीचा दावा नक्की लावू शकतो. मग तुमच्या चार पिढ्यांच्या जमिनीचे वाटे त्याचा वकील पाडू लागतो.

दावा आधीच लागला असेल तर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण अर्धी खरी आहे. कोणी खोटा दस्त केला, बहिणीला हाकलले, दांडगाईने ताबा घेतला, तर कोर्टात गेलेच पाहिजे. पण नुसत्या वाटणीच्या दाव्यात शेवटी काय मिळते ते आधी समजून घ्या. न्यायालय हिस्से ठरवते; सारा भरणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष फाळणी करण्यासाठी हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्याकडे जातो आणि तिथून पुन्हा मोजणीकडे येतो. जे काम आज तुम्ही आपखुशीने करू शकता, तेच काम वीस वर्षांनी, वकिलांची फी भरून, दुसऱ्याच्या सोयीने होणार.

दावा चालू असतानाही समेट करता येतो. न्यायालयाला सांगून प्रकरण मध्यस्थीला किंवा लोकअदालतीत न्या. लोकअदालतीतला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. तालुका विधी सेवा समितीकडे वकील मोफत मिळतो. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही.

यंदाचा बेत

सगळे एका वेळी गावात असतात ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. त्याप्रमाणे वर्ष आखा. गणपतीत वंशावळ पुरी करा आणि राहिलेल्या वारसनोंदींचे अर्ज द्या. दिवाळीनंतर मोजणी. शिमग्याला मोजणीचा नकाशा समोर ठेवून हिस्से आणि वाटे ठरवा. मे महिन्यात बहिणी-भाच्यांसह सगळे आले की सह्या आणि नोंदणी. एका वर्षात जमले नाही तर दुसऱ्या वर्षी करा, पण कोणत्या पायरीवर थांबलो ते लिहून थांबा.

सुरुवात कोणी करायची, यावर वर्षे घालवू नका. ज्याच्याकडे जास्त जमीन आहे किंवा आज ताबा आहे त्याने आधी फोन करावा. त्याच्या हातात गमावण्यासारखे जास्त आहे, आणि त्याच्याच तोंडून ‘बसूया, वाटणी करूया’ हे शब्द बाकीच्यांना खरे वाटतात. आज रात्री महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढा, त्यावरची नावे मोठ्याने वाचा, आणि त्यांतल्या ज्या माणसाशी बोलणे बंद आहे त्याला पहिला फोन लावा.